शीग किती ग्रॅमची?

पाककृतींच्या पुस्तकांवर लिहिणारे सहसा चवीबद्दल लिहितात. मी शेवटच्या पानाबद्दल लिहिणार आहे. तिथे बऱ्याचदा एक तक्ता असतो: 'एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम.' कशाची वाटी, ते मात्र विचारायचं नाही!

आता बघा. दोनशे मिलिलिटरची वाटी पाण्यानं भरली तर दोनशे ग्रॅम. साखरेनं भरली तर एकशेसत्तरच्या आसपास. चाळलेल्या गव्हाच्या पिठानं भरली तर जेमतेम शंभर. आणि पातळ पोह्यांनी भरली तर वाटी भरल्याचं फक्त डोळ्यांना कळतं, तराजूला पत्ताच नसतो. थोडक्यात, 'वाटी' हे वजन नव्हे, आडनाव आहे. एकाच आडनावाचे पैलवानही असतात आणि पोहेही.

आमच्या धाराशिवकडे हा घोळ नवा नाही. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळा संसार भांड्यांनी मोजलेला. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, १९५८ पासून बाजारात किलो आला, २०२३ साली जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. पण जुन्या बायकांच्या तोंडची पायली काही हलली नाही. आणि मापट्यावर शीग हवीच. वरून हात फिरवून सपाट करून देणारा माणूस आमच्याकडे चिक्कू ठरतो.

अमेरिकेत फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात नेमकी ही शीगच कापली. कप सपाट, चमचा सपाट! केकपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. पीठ दाबून भरलं तर त्याच कपात पाव हिस्सा सहज जास्त मावतं, आणि केक फुगायच्या ऐवजी रुसून बसतो.

मग आपल्या वाटीवाल्या बायका अडाणी होत्या का? मुळीच नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं १९७० साली वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि नव्या सुनांच्या हातातली थरथर थांबवली. त्यातली गंमत 'प्रमाण' या शब्दात आहे. रवा, साखर, पाणी सगळं एकाच वाटीनं घेतलं, तर वाटी लहान की मोठी याला महत्त्वच उरत नाही. शिरा कमी-जास्त होईल, बिघडणार नाही.

घोटाळा होतो तो दोन राज्यांच्या सरहद्दीवर. कुंथलगिरीचा खवा येतो किलोनं आणि त्यात मैदा पडतो वाटीनं. पुस्तकातली वाटी लहान, तुमची मोठी, की गुलाबजामचे लाडू झालेच म्हणून समजा. तेव्हा लेखकहो, लेखिकाहो, एक तर सगळं वाटीनं सांगा, नाहीतर सगळं ग्रॅमनं. आणि तक्ता द्यायचाच तर जिन्नसागणिक द्या, वाटी किती मिलिलिटरची तेही लिहा.

पण खरा तक्ता छापता येत नाही. वेळा अमावस्येला आमच्या मावशी शेतात न्यायची आंबील करतात. पीठ किती, विचारलं तर म्हणतात, "घ्यायचं की बाबा, वंजळभर!" आता ही ओंजळ कुठल्या तक्त्यात शोधणार? मावशींनी ऐंशी ओलांडलीत. त्यांची भाची पुण्यात दर वर्षी आंबील करते आणि दर वर्षी म्हणते, "तशी नाही झाली." बरोबरच आहे. तिची ओंजळ तिची स्वतःची आहे.

यावर उपाय शंभर टक्के घरगुती आहे. परातीखाली काटा ठेवावा, आकडा शून्यावर आणावा आणि मावशींना म्हणावं, "घाला." तीनदा घालू द्यावं, तिन्ही आकडे लिहावेत, मधला धरावा. शीग कापायची नाही, हात धरायचा नाही. हे काम वेळेवर करावं. भांडी मागे राहतात, त्यांचं वजन नंतरही करता येतं. ओंजळीचं येत नाही.