राउटरचे ओव्हरक्लॉकिंग आणि कूटलेखनाचा वेग : एका दाव्याचे परीक्षण

घरगुती बिनतारी राउटरमधील प्रोसेसरच्या क्लॉकची गती उत्पादकाने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढविली, तर कूटलेखन म्हणजेच एन्क्रिप्शन अधिक वेगाने होते, असा दावा हौशी तंत्रज्ञ दीर्घकाळ करीत आले आहेत. हा दावा सर्वस्वी खोटा नाही, आणि म्हणूनच त्याचे परीक्षण अगत्याचे आहे. वेग किती वाढतो, एवढाच प्रश्न विचारून हे प्रकरण मिटविता येत नाही. तो वेग कशाच्या मोबदल्यात मिळतो, हाही प्रश्न विचारावा लागतो.

दाव्याची पार्श्वभूमी प्रथम पाहू. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जीएल हा २००५ साली बाजारात आलेला राउटर या प्रयोगांचे आवडते साधन ठरला. त्याचा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा, आणि कार्यस्मृती अवघी १६ मेगाबाइट. डीडी-डब्ल्यूआरटीसारख्या मुक्त प्रणाली त्यावर बसविता येत असत, आणि स्मृतीत जतन केलेला एक आकडा बदलून क्लॉकची गती २१६ किंवा २५० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येई. चुकीचा आकडा भरल्यास यंत्र सुरूच होत नसे, ही गोष्ट वेगळी. अशा राउटरवर ओपनव्हीपीएन चालविले की प्रोसेसर पुरता थकून जातो, हे प्रत्येकाच्या अनुभवास येत होते. तेव्हा त्याची गती वाढवावी, असे वाटणे स्वाभाविकच होते.

परंतु येथे ‘कूटलेखन’ या एका शब्दाखाली दोन भिन्न क्रिया एकत्र केल्या जातात. राउटर आणि घरातील संगणक यांच्यामधील बिनतारी दुव्याचे कूटलेखन, म्हणजे डब्ल्यूपीए२ मधील एईएस, हे सामान्यतः रेडिओ चिपमधील स्वतंत्र मंडलाकडून होते. मुख्य प्रोसेसरची गती वाढविल्याने त्यात फारसा फरक पडण्याचे कारण नाही. व्हीपीएनचे कूटलेखन मात्र मुख्य प्रोसेसरवर आज्ञावलीच्या द्वारे होते. दावा लागू पडतो तो केवळ या दुसऱ्या क्रियेस. हा भेद न करता केलेली मोजमापे कोणत्याही निष्कर्षास आधार देऊ शकत नाहीत.

आता लाभाचा हिशेब करू. २०० वरून २१६ म्हणजे ८ टक्के वाढ, आणि २०० वरून २५० म्हणजे २५ टक्के. ही लाभाची कमाल मर्यादा होय, प्रत्यक्ष लाभ नव्हे. ओपनव्हीपीएनमध्ये प्रत्येक पुडके लिनक्सच्या गाभ्यातून वापरकर्त्याच्या आज्ञावलीकडे आणि तेथून पुन्हा गाभ्याकडे जाते. या ये-जा करण्यातला आणि स्मृतीची वाट पाहण्यातला वेळ क्लॉकच्या प्रमाणात घटतोच असे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम येथे तंतोतंत लागू पडतो. एकूण वेळेपैकी ८० टक्के वेळच क्लॉकवर अवलंबून आहे असे गृहीत धरले, तर गती २५ टक्क्यांनी वाढवूनही वहनक्षमता सुमारे १९ टक्क्यांनीच वाढते.

याच्या शेजारी दुसरे मार्ग ठेवून पाहावेत. ज्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास आज्ञा असतात, तेथे हेच काम कित्येक पटींनी लवकर होते. ज्यांत त्या नसतात, त्यांच्यासाठी डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००८ साली रचलेले चाचा२० हे कूटलेखन अधिक सोयीचे आहे. कारण ते बेरीज, भ्रमण आणि एक्सऑर या साध्या क्रियांवर उभे आहे, आणि साध्या प्रोसेसरलाही त्या सहज जमतात. तेच कूटलेखन वापरणारे वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत थेट गाभ्यात समाविष्ट झाले. त्यामुळे उपरोक्त ये-जाही टळली. तात्पर्य, कूटलेखनाचा वेग हा मुख्यतः पद्धती आणि यंत्र यांच्या मेळाचा प्रश्न आहे. क्लॉकची गती हा त्यातील एक लहानसा घटक होय.

येथवरचा आक्षेप लाभ अल्प असल्याचा आहे. याहून गंभीर आक्षेप पुढेच आहे. प्रत्येक क्लॉक-स्पंदाच्या आत संकेतांना मंडलातील सर्वांत लांब वाट पार करावी लागते. उष्णता, विद्युत्दाबातील चढउतार आणि सुट्या भागांतील उणेअधिकपणा यांसाठी उत्पादक काही अंतर राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग हे राखीव अंतर खर्च करते. ते संपले की प्रोसेसर बंद पडेलच असे नाही; तो क्वचित एखादे उत्तर चुकवून पुढे चालू लागतो. ‘रात्रभर चालविले, अडकले नाही, म्हणून स्थिर आहे’ ही प्रचलित कसोटी म्हणूनच अपुरी ठरते. यंत्र चालू राहणे आणि यंत्राचे उत्तर बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पुडक्याच्या कूटलेखनात असा एखादा बिट चुकला, तर ते पुडके प्रमाणीकरणात नापास होऊन टाकून दिले जाते आणि पुन्हा मागविले जाते. हानी होते ती केवळ वेगाची. परंतु स्वाक्षरीचे तसे नाही. बोने, डीमिलो आणि लिप्टन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, आरएसएची स्वाक्षरी चिनी शेषसिद्धांताच्या आडवाटेने करताना दोन मूळ संख्यांपैकी एकीच्या हिशेबात चूक झाली, तर त्या एकाच सदोष स्वाक्षरीवरून मसाविच्या साध्या रीतीने गुप्त किल्ली काढता येते. ही भीती केवळ कागदावरची नाही. रेड हॅटमधील फ्लोरियन वायमर यांनी २०१५ साली दाखवून दिले की, प्रत्यक्ष वापरातील काही यंत्रे टीएलएसच्या हस्तांदोलनात अशा सदोष स्वाक्षऱ्या देत होती आणि त्यांवरून त्यांच्या किल्ल्या उघड होत होत्या.

याहून बोलके उदाहरण २०१७ चे आहे. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी क्लकस्क्रू या नावाने प्रसिद्ध केलेल्या कामात, नेक्सस ६ या दूरध्वनीच्या प्रोसेसरची गती आणि दाब आज्ञावलीतूनच मर्यादेबाहेर नेऊन, सुरक्षित मानलेल्या कक्षातील एईएसची किल्ली मिळविली. हौशी माणूस जी कृती वेगासाठी करतो, तिचीच नेमकी योजना आक्रमकाने किल्लीसाठी केली. या दोहोंत भेद आहे तो हेतूचा आणि नेमकेपणाचा. यंत्रावर होणारा परिणाम एकाच जातीचा आहे.

यावर दोन प्रतिवाद संभवतात. एक असा की, उत्पादकाने ठेवलेले अंतर बहुधा गरजेपेक्षा अधिक असते. असूसने आरटी-एसी६८यू या आपल्याच राउटरची गती पुढील आवृत्त्यांत ८०० वरून १००० मेगाहर्ट्झवर नेली. हे मान्य आहे. परंतु ती वाढ नव्या आवृत्तीच्या यंत्रांसाठी होती. आपल्या हातातील विशिष्ट नगात तितके अंतर शिल्लक आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरा प्रतिवाद असा की, उत्तम ग्रंथालये स्वाक्षरी बाहेर देण्यापूर्वी ती पडताळून पाहतात. हाही खरा आहे, आणि ती दक्षता अत्यंत मोलाची आहे. मात्र जुन्या राउटरवर कोणत्या आवृत्तीचे ग्रंथालय आहे हे पाहिल्यावाचून तिचा आधार घेणे उचित नव्हे.

यावरून कोणी असे समजू नये की प्रस्तुत लेखकास हौशी प्रयोगांचे महत्त्व वाटत नाही. आपल्या मालकीचे यंत्र उघडून पाहण्याची ही वृत्ती नसती, तर राउटरमधील मुक्त प्रणालींचा विकासच झाला नसता. आक्षेप आहे तो मोजमापाच्या अपुरेपणावर. या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वेगाच्या आकड्याबरोबर किमान तीन गोष्टी नोंदवाव्यात : कोणते कूटलेखन कोणत्या मंडलात झाले, तापमान चढल्यावर ज्ञात उत्तरांशी ताडून पाहता किती चुका आढळल्या, आणि क्लॉकला हात न लावता केवळ पद्धत बदलली असता किती लाभ झाला. यांतील दुसरी नोंद नसेल तर पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीस फारसा अर्थ उरत नाही. कारण कूटलेखन हे ज्याच्या शुद्धतेवर घरातील माणसांचे खाजगीपण विसंबून असते असे गणित आहे, आणि त्यातील चुकीचे उत्तर कितीही लवकर मिळाले तरी त्याची गणना लाभात करता येत नाही.