टीका आणि लस

आमच्या इमारतीच्या मागे नव्या बांधकामावरील मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यानंतर काही दिवसांनी एक तरुण बाई जेमतेम दीड महिन्याचे मूल छातीशी धरून फाटकाशी आली आणि तिने विचारले, "दीदी, यहाँ टीका कहाँ लगता है?" पुस्तकांवर टीका लिहिण्यात जिची बरीच वर्षे गेली, तिला हा प्रश्न क्षणभर आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटले, तर वाचकांनी हसावे, पण समजूनही घ्यावे. हिंदीत 'टीका' म्हणजे लस. बाई बिलासपूरकडची होती. मूल गावी जन्मले होते, तेथील रुग्णालयाने हाती दिलेले कार्ड तिने पदराच्या गाठीत जपले होते आणि दीड महिना झाला की पुढची लस, एवढे तिला पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुणे.

त्या दिवसापासून आरोग्यखात्याची पत्रके, भिंतीवरच्या सूचना आणि 'माता व बाल संरक्षण कार्ड' मी साहित्यकृती वाचावी तशी वाचू लागले. प्रत्येक लेखनात एक गृहीत वाचक दडलेला असतो, हे समीक्षेतले जुने तत्त्व. या लेखनातला गृहीत वाचक कोण, हाच माझा प्रश्न आहे.

आधी शब्दांकडे पाहू. 'आरोग्य यंत्रणा' हा आपल्या शासकीय मराठीतला अगदी निरुपद्रवी शब्द. हिंदी भाषकाच्या कानी मात्र 'यंत्रणा' म्हणजे यातना. 'दस्त' आपल्याकडे निबंधकाच्या कचेरीत नोंदवतात. हिंदी मुलखातल्या बाळाला दस्त लागले, तर त्याच्या अंगातले पाणी कमी होऊ लागलेले असते. आपण ज्याला 'जुलाब' म्हणतो, तो शब्द तिकडे मुख्यतः रेचकासाठी वापरतात. म्हणजे 'बाळाला जुलाब दिला का' आणि 'बाळाला जुलाब झाले का' यांतला फरक एका क्रियापदावर लटकत राहतो. याउलट 'ज्वर' हा शब्द आपण जड आणि ग्रांथिक म्हणून टाकून दिला. तोच कानडीत, तेलुगूत, ओडियात आणि बंगालीत थोड्याफार उच्चारभेदाने रोजच्या बोलण्यात आहे. कलबुर्गी किंवा रायचूरकडची आई 'ताप' ऐकून गोंधळेल, 'ज्वर' ऐकून मान डोलावील. सोपे मराठी म्हणजे सर्वांना सोपे, हा आपला भ्रम आहे.

आता कार्ड. त्याचे गुण मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. वाढीच्या तक्त्यातील हिरवा, पिवळा आणि नारिंगी हे पट्टे कोणत्याही भाषेच्या आईला वाचता येतात. वजनाचा ठिपका हिरव्यातून खाली घसरू लागला, की ती कहाणी सांगायला अक्षर लागत नाही. लसींच्या रकान्यांतही शिस्त आहे: जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, मग ६, १० आणि १४ आठवडे, पुढे ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. ६ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लशीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब अशा पाच शत्रूंशी एकाच सुईने सामना होतो. या लसी सरकारी केंद्रात मोफत आहेत आणि त्या कोणत्याही गावचे कार्ड दाखवून कोणत्याही गावी घेता येतात. ही केवढी मोठी गोष्ट! पण ती ठळक सांगण्याऐवजी आपली पत्रके 'लाभार्थींनी नजीकच्या केंद्राशी संपर्क साधावा' अशा थाटात बोलतात. चार दिवसांपूर्वी शहरात उतरलेल्या बाईला 'नजीक' म्हणजे काय? तिला सत्राचा वार हवा, वेळ हवी आणि कोणत्या देवळाशेजारची अंगणवाडी हे हवे.

येथेच गृहीत वाचक उघडा पडतो. त्याला मराठी वाचता येते, त्याला पत्ता आहे आणि एक दिवस मजुरी बुडाली तर त्याची चूल विझत नाही. नवजात बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जावे, असे वेळापत्रक आहे. योजना उत्तम आहे, पण ती घराला चिकटलेली आहे. बिलासपूरजवळ जन्मलेले आणि ३० व्या दिवशी वाघोलीत किंवा हिंजवडीत पत्र्याखाली आलेले मूल दोन्हीकडच्या वह्यांतून निसटते. तिकडे ते 'स्थलांतरित' होते, आणि इकडे बहुधा काहीच नसते.

पुढे त्याच बाळाला खोकला झाला. तोवर बाईची आणि माझी ओळख झाली होती, म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "पसली चल रही है." केसपेपरच्या खिडकीवर त्याचे मराठी झाले 'अंगदुखी'. दोन-अडीच महिन्यांच्या मुलाची अंगदुखी! मलाही त्या क्षणी नीट अर्थ लागला नाही, हे कबूल करते. रांग बरीच लांब होती. अखेर डॉक्टरीणबाईंनी झबले वर केले आणि श्वासागणिक आत ओढली जाणारी छाती पाहताच बाळाला थेट दाखल करून घेतले. 'पसली चलना' म्हणजे आपल्या आज्या ज्याला 'पोट उडणे' म्हणत आणि जो आजार 'डबा' या नावाने ओळखत, तो न्यूमोनिया. आईचे निदान अचूक होते. आम्हां शिकलेल्यांचे भाषांतर चुकले. बाळ वाचले, पण रांगेत गेलेला तो तास मला अजून टोचतो.

या संदर्भात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामाकडे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावे, असे मला आग्रहाने वाटते. त्यांनी आधी तिथल्या बायकांचे शब्द ऐकले. ज्यांना मोजणी येत नव्हती त्या दायांसाठी मण्यांचे साधन केले: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट संपण्याआधी लाल मणी आला तर न्यूमोनिया. भाषेच्या जागी मणी ठेवणारी ही रचना मला कवितेइतकी नेमकी वाटते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. ज्या ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, तेथे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला होता. २००१ मध्ये महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा जो अहवाल निघाला त्याचे नाव होते 'कोवळी पानगळ'. 'अर्भक मृत्युदर' या शब्दाने जे कधी हलले नसते, ते या दोन शब्दांनी हलले. शब्दाची निवड हा आरोग्यसेवेचाच भाग आहे, याचा याहून चांगला दाखला मराठीत मला आठवत नाही.

आपल्या वाचकांना तर याहून जुना दाखला ठाऊक आहे. १६१६ साली 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स परदेशातून आलेले. तरी त्यांनी या मातीची भाषा आत्मसात केली, आणि प्रस्तावनेत सांगून टाकले की शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द गाळून सोपे शब्द मिसळले. विद्वत्तेला मुरड घालण्याचा हा निर्णय चारशे वर्षांपूर्वीचा. आपल्या पत्रकलेखकांनी तो अजून घेतलेला नाही.

पुण्यात राहायचे तर त्यांनी मराठी शिकावे, असा आक्षेप मी आपल्याच माणसांकडून ऐकला आहे. मराठीवर माझे प्रेम कुणाहून कमी नाही. परंतु आईला मराठी येईपर्यंत बाळाचा १४ वा आठवडा थांबत नाही. शिवाय आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा नगर जिल्ह्यातून किंवा मंगळुराकडून कामाच्या शोधात या शहरात आले, तेव्हा त्यांनाही कुणीतरी दवाखान्याची वाट दाखवलीच असेल. मागणी मोठी नाही. केसपेपरच्या खिडकीवर पंधरा-वीस शब्दांची एक पाटी असावी: ताप, ज्वर, बुखार, जुलाब, दस्त, पोट उडणे, पसली चलना. कानडी, तेलुगू आणि लमाणी बोलणाऱ्या बायकांना विचारून त्यांचे शब्द तीत भरावेत. पुस्तकातून काढलेले नकोत, ते फसवतात.

१४ आठवड्यांच्या लशीला ती बाई एकटीच गेली. परत येऊन तिने कार्ड मला दाखवले. तारखेच्या रकान्यात सिस्टरांनी स्वच्छ अक्षरांत नोंद केली होती. पत्त्याच्या ओळीत गावचे नाव होते आणि त्याखाली पेन्सिलीने आमच्या गल्लीचे. पेन्सिलीने का, असे मी विचारले. इमारतीचा स्लॅब पडत आला होता. पुढच्या महिन्यात त्यांचा मुकादम त्यांना दुसऱ्या साइटवर नेणार होता.