‘ओशन शील्ड’ : एका जहाजाची तीन उपपदे

जहाजाच्या नावाआधी येणारी दोन-चार अक्षरे वाचक सहसा ओलांडून पुढे जातो. माणसाच्या नावाआधीच्या ‘श्री.’कडे जसे कुणी थांबून पाहत नाही, तसेच हे. परंतु राज्यसंस्थेची भाषा तपासायची तर याच निरुपद्रवी अक्षरांपाशी थांबावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या ‘ओशन शील्ड’ या जहाजाला अवघ्या तीन वर्षांत तीन उपपदे लाभली. जहाज मात्र तेच राहिले. ही तीन उपपदे आणि त्यांच्याबरोबर बदलत गेलेला सरकारी शब्दव्यवहार हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जहाजाचे मूळ नाव ‘स्कांदी बर्गेन’. नॉर्वेच्या एका कंपनीसाठी बांधलेली, सुमारे ११० मीटर लांबीची ही सहाय्यक नौका. समुद्रातील तेलविहिरींना सामान, माणसे आणि यंत्रे पुरवणाऱ्या अशा नौका मुंबई हायमुळे आपल्याही परिचयाच्या आहेत. रुंद मोकळा डेक, अवजड क्रेन, हेलिकॉप्टर उतरण्याची जागा. सगळी रचना दुसऱ्याच्या कामी येण्यासाठी केलेली. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या नौदलाकडची जुनी वाहतूक जहाजे एकामागोमाग निकामी झाली. नवी मोठी जहाजे येईपर्यंतची उणीव भरून काढायला २०१२ मध्ये सुमारे १३ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून ही नौका विकत घेतली गेली आणि तिचे नामकरण झाले ‘ओशन शील्ड’, म्हणजे सागराची ढाल.

पहिले उपपद ‘एडीव्ही’, अर्थात ऑस्ट्रेलियन डिफेन्स व्हेसल. युद्धनौकांना लागणारे ‘एचएमएएस’ तिला मिळाले नाही, कारण तिच्यावरचे खलाशी नागरी होते. ठरल्यापेक्षा आधी, २०१४ च्या मध्यास, ती सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण सेवेकडे गेली व ‘एसीव्ही’, म्हणजे कस्टम्स व्हेसल झाली. १ जुलै २०१५ रोजी ‘ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स’ हे नवे दल स्थापन झाले आणि उपपद ‘एबीएफसी’ झाले. यातला शेवटचा ‘सी’ म्हणजे ‘कटर’.

हा ‘कटर’ शब्द लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. इंग्रजी दर्यावर्दी परंपरेत कटर म्हणजे एका डोलकाठीची, चपळ, लहान शिडाची नौका. अठराव्या शतकात महसूल खात्याचे लोक तिच्यातून चोरटा माल आणणाऱ्यांचा पाठलाग करीत. ११० मीटर लांबीच्या जहाजाला ते नाव देण्यात आकाराचे साम्य काहीच नाही. साम्य आहे ते समोरच्याला कोणत्या कप्प्यात बसवायचे यात. पाठलाग करणारी नौका ‘कटर’ ठरली की पुढे पळणारी होडी आपोआप चोरट्यांची ठरते. ‘ढाल’ या शब्दाचेही तसेच आहे. ढाल म्हटली की पलीकडे तलवार गृहीत धरावी लागते. इथे पलीकडे होत्या गळक्या मासेमारी होड्या आणि त्यांतली आश्रय मागणारी कुटुंबे.

नावापलीकडचा शब्दव्यवहारही याच दिशेने सरकला. १८ सप्टेंबर २०१३ रोजी ‘ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स’ सुरू झाले आणि त्याचे नेतृत्व एका लष्करी अधिकाऱ्याकडे दिले गेले. त्याच ऑक्टोबरात, होडीने येणाऱ्यांना यापुढे ‘अनियमित’ नव्हे तर ‘बेकायदा’ म्हणावे, अशी सूचना खात्याला मिळाली. वस्तुतः आश्रितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार, थेट संकटातून येणाऱ्याला विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असेच सांगतो. समुद्रात काय घडते यावरच्या प्रश्नांना ‘पाण्यावरच्या बाबी’ हे शीर्षक मिळाले आणि त्यांवर भाष्य न करणे हेच धोरण झाले. २०१४ च्या आरंभी जावाच्या किनाऱ्याला नारिंगी रंगाच्या बंदिस्त जीवरक्षक नौका लागल्या. माणसांना परत धाडण्यासाठी त्या वापरल्या होत्या. जीवरक्षक हा शब्द शाबूत ठेवून त्याचा अर्थ इतका फिरवण्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

या भाषेची खरी परीक्षा २०१४ याच वर्षात होते. ८ मार्चला मलेशियाचे एमएच-३७० हे विमान २३९ जणांसह नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. एप्रिलमध्ये ‘ओशन शील्ड’ हिंदी महासागरात अमेरिकी नौदलाचे ध्वनिशोधक यंत्र ओढत फिरत होती. काही संकेत ऐकू आले. एक दोन तास वीस मिनिटे टिकला, दुसरा तेरा मिनिटे, समुद्राची खोली सुमारे साडेचार हजार मीटर, हे सारे पर्थमधल्या पत्रकार परिषदांतून जगाला सांगितले गेले. मेअखेर तो भाग विमानाचे अंतिम ठिकाण नसल्याचेही जाहीर झाले. आशा उघडपणे सांगितली गेली आणि उघडपणेच मागे घेतली गेली.

त्यानंतर एका महिन्याने पुदुच्चेरीहून निघालेली, १५७ तमिळ आश्रयार्थींची होडी ख्रिसमस बेटाजवळ अडवली गेली. त्यांना ठेवले ‘ओशन प्रोटेक्टर’ या, तेलक्षेत्राच्या कामासाठीच बांधलेल्या सहाय्यक नौकेवर. नाव पुन्हा रक्षकाचेच. जवळजवळ महिनाभर ही माणसे, दिवसाचा बहुतांश वेळ बिनखिडकीच्या बंद खोल्यांत, समुद्रावर होती. ती ताब्यात आहेत एवढे मान्य व्हायलाही प्रकरण उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ही अडवणूक कायदेशीर ठरवली. अर्जदाराची ओळख जपण्यासाठी त्याचे नाव निकालात ‘सीपीसीएफ’ असे आहे. पुढे त्याच किनाऱ्यावर ‘एबीएफसी’ अवतरणार होती. एका बाजूला चार अक्षरांत जहाजाचा मानमरातब, दुसऱ्या बाजूला चार अक्षरांत लपवावे लागलेले माणूसपण.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक होडी फुटून सुमारे ५० जण मेले. त्या काही वर्षांत समुद्रात बुडालेल्यांची संख्या हजाराहून अधिक मानली जाते. होड्या थांबल्या की बुडणे थांबते, हा युक्तिवाद ऐकून घेतलाच पाहिजे. मात्र तो होड्या अडवण्याचे समर्थन करतो, मौनाचे करीत नाही. तेरा मिनिटांच्या संकेताचा हिशेब देणारे राज्य १५७ माणसांचा हिशेब देऊ शकत नव्हते, असे मानायला आधार नाही. हरवलेले दुःखाचे धनी ठरले आणि सापडलेले ‘पाण्यावरची बाब’ ठरले, हा फरक धोरणाने जितका केला तितकाच शब्दांनी केला.

म्हणूनच या सरकारी संहितेशेजारी दुसरी संहिता ठेवून वाचावी. बेहरूझ बूचानी हा कुर्दी लेखक २०१३ साली होडीने आला आणि मानुस बेटावरच्या छावणीत डांबला गेला. तिथे त्याची ओळख ‘एमईजी ४५’. मोबाइलवरच्या संदेशांतून फारसीत त्याने लिहिलेले ‘नो फ्रेंड बट द माउंटन्स’ हे पुस्तक ओमिद तोफिघियान यांच्या इंग्रजी अनुवादात २०१८ मध्ये निघाले आणि पुढच्याच जानेवारीत त्याला व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर मिळाले. लेखक तेव्हाही पापुआ न्यू गिनीतच अडकलेला होता. या पुस्तकात तो सोबत्यांना स्वभावावरून, चेहऱ्यावरून टोपणनावे देतो. खरी नावे लपतात, पण माणूस समोर उभा राहतो. नाव लपवूनही व्यक्ती दाखवता येते, याचा हा वाङ्मयीन पुरावा आहे. सरकारी टिपणीत नेमके उलटे घडते. तिथे आकडा खरा असतो, अक्षरे अचूक असतात आणि त्यांच्यामागे कोण आहे ते दिसत नाही.

‘ओशन शील्ड’ची क्रेन, डेक, इंजिने बदलली नाहीत. बुडत्याला वर ओढून घ्यायला ती २०१२ इतकीच समर्थ राहिली. तिने कुणाला ओढून घ्यायचे आणि कुणाला मागे वळवायचे, हे मात्र दर खेपेस उपपद देणाऱ्यांनी ठरवले.