भाकीत की निकाल?

मे २०२० मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ने वूहान परिसरातील ४८५ कोविड रुग्णांच्या रक्तनमुन्यांवरचा शोधनिबंध छापला. लॅक्टेट डीहायड्रोजनेज, लिम्फोसाइट पेशी व सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन या तिन्हींवरून मृत्यूचे भाकीत १० दिवस आधी, ९० टक्क्यांहून अधिक अचूक करता येते, असा दावा होता.

सूत्र सोपे, कोणालाही पडताळता येणारे. हा त्याचा मोठा गुण. म्हणूनच न्यूयॉर्क, फ्रान्स व नेदरलँड्समधील संशोधकांनी ते तपासले. तेथे ते तितके टिकले नाही.

असे का? सूत्र बेतले होते रुग्णाच्या शेवटच्या नमुन्यावर. तोवर आजाराचा कल स्पष्ट झालेला असतो. डॉक्टरांना मात्र निर्णय घ्यावा लागतो दाखल होतानाच्या नमुन्यावरून. पेपर तपासून झाल्यावर निकाल सांगणे आणि जूनमध्येच सांगणे, यांत फरक आहेच ना?