‘विट’ : शुश्रूषेचा नाट्यपाठ

मार्गारेट एडसन यांचे ‘विट’ हे इंग्रजी नाटक १९९५ साली कॅलिफोर्नियात रंगभूमीवर आले आणि १९९९ साली पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. जॉन डन या कवीची व्यासंगी प्राध्यापिका व्हिव्हियन कर्करोगाने मरणपंथाला लागते, हे त्याचे कथानक. वैद्यकीय शिक्षणात त्याचा उपयोग झाला. परिचारिकांच्या वर्गात तर ते अवश्य करून पाहावे.

परिचारिका सूझी बेशुद्ध रुग्णाशीही बोलते. तरुण डॉक्टर जेसनला ते निरर्थक वाटते. येथे लेखिकेचा तोल किंचित ढळतो : डॉक्टर कोरडा, परिचारिका कनवाळू, अशी सोपी विभागणी होते. विद्यार्थिनींनी एवढेच उचलले, तर नाटक वाया गेले म्हणायचे.

सूझीची खरी कसोटी शेवटी लागते. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करण्याचा खटाटोप नको, ही व्हिव्हियनची नोंदवलेली इच्छा जेसन विसरतो; सूझी त्याला निक्षून अडवते. माया आणि कर्तव्यज्ञान येथे एकरूप होतात.

म्हणून शिक्षिकांनी सूझीची भूमिका तर द्यावीच. परंतु प्रत्येकीला एकदा व्हिव्हियन होऊन खाटेवर निजवावे. आपल्यादेखत आपल्याविषयी परक्यासारखे बोलले जाते, तेव्हा काय वाटते, हे पुस्तकातून कळत नाही.