दहशतवादाचे दूरचित्रवाणी-वृत्तांकन आणि प्रेक्षकांचे आकलन : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
दहशतवादाच्या दूरचित्रवाणी-वृत्तांकनाची चिकित्सा प्रामुख्याने २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या अनुषंगाने झाली. सुमारे ६० तास चाललेले हे नाट्य देशाने घरबसल्या पाहिले. हल्लेखोरांचे सूत्रधारही तीच दृश्ये पाहत होते, याची नोंद घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण निषिद्ध ठरले. ही सर्व चर्चा सुरक्षेच्या अंगाने झाली; प्रेक्षकांच्या आकलनाचा प्रश्न मात्र मागे राहिला.

परभणीचा अनुभव :
परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत २१ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी स्फोट झाला. २७ ऑगस्ट २००४ रोजी जिल्ह्यातील पूर्णा आणि शेजारच्या जालना येथील मशिदींत स्फोट झाले. चोवीस तास बातम्या देणाऱ्या खाजगी मराठी वाहिन्या २००७ पासून सुरू झाल्या. म्हणजेच जिल्ह्याने प्रत्यक्ष भोगलेल्या घटना या वाहिन्यांच्या पूर्वीच्या आहेत, तर पडद्यावर अखंड पाहिलेली घटना पाचशे किलोमीटरहून दूरची आहे. मॅकॉम्ब्स आणि शॉ यांच्या १९७२ च्या ‘अजेंडा सेटिंग’ सिद्धान्तानुसार माध्यमे ज्या विषयाला महत्त्व देतात तो लोकांनाही महत्त्वाचा वाटतो. येथे त्याची दुसरी बाजू विचारात घ्यावी लागते : जे दाखविले गेले नाही, ते स्मरणातूनही ओसरण्याचा संभव असतो.

अटक आणि निकाल :
वृत्तांकनाचा भर स्फोट आणि अटक यांवर असतो. निकाल अनेक वर्षांनी लागतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटप्रकरणी प्रथम अटक झालेल्या मुस्लिम आरोपींना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. नांदेड येथील ६ एप्रिल २००६ च्या स्फोटाचा संबंध तपास यंत्रणांनी परभणी, पूर्णा व जालना येथील स्फोटांशी जोडला होता. त्या खटल्यातील हयात आरोपींची ४ जानेवारी २०२५ रोजी निर्दोष मुक्तता झाली. दोन्ही प्रकरणांतील आरोपी भिन्न समाजांचे आहेत, प्रश्न मात्र एकच आहे. ज्या प्रेक्षकापर्यंत अटकेची बातमी पोहोचली, त्याच्यापर्यंत निकाल तितक्याच ठळकपणे पोहोचला काय? न पोहोचल्यास संशय शेजाऱ्यांच्या नात्यात शिल्लक राहतो आणि पीडितांना न्याय मिळाला काय, हा प्रश्नही अनुत्तरित राहतो.

निष्कर्ष :
प्रेक्षक-सर्वेक्षणांतून ‘बातमी विश्वासार्ह वाटते काय’ एवढेच विचारणे अपुरे ठरते. आपल्या जिल्ह्यातील घटना प्रेक्षकाला आठवते काय, तिचा निकाल त्याला ठाऊक आहे काय, हेही विचारले पाहिजे. २०१५ च्या नियमाने कॅमेऱ्याला कारवाईपुरती मर्यादा घातली. अर्धवट राहिलेली बातमी पूर्ण करण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही नियमाने नव्हे, तर वृत्तसंपादकाच्या विवेकानेच पार पडू शकते.