हार्मोनिक प्रक्षेपण : बँडविड्थच्या काटकसरीची एक चिकित्सा

मागणीनुसार चित्रपट पुरवावयाचा आणि प्रत्येक प्रेक्षकास स्वतंत्र प्रवाह द्यावयाचा, तर प्रेक्षकसंख्येबरोबर सर्व्हरवरील भारही त्याच प्रमाणात वाढतो. निदान लोकप्रिय चित्रपटांपुरता हा संबंध तोडता येईल काय, हा १९९० नंतरच्या दशकातील अनेक निबंधांचा विषय होय.

त्यांतील सर्वांत डौलदार उत्तर जुन आणि त्सेंग यांनी १९९७ मध्ये मांडले. समजा, १२० मिनिटांच्या चित्रपटाचे ३० समान खंड केले. पहिला खंड पूर्ण वेगाने, दुसरा अर्ध्या, तिसरा एकतृतीयांश, अशा उतरत्या वेगांनी स्वतंत्र वाहिन्यांवर अखंड फिरत ठेवावयाचा. या सर्व वेगांची बेरीज मूळ वेगाच्या जवळजवळ चौपट भरते. प्रेक्षक शंभर असोत की लाख, ती बदलत नाही. प्रतीक्षा फार तर ४ मिनिटांची. दर ४ मिनिटांनी नवा खेळ सुरू करण्याच्या साध्या पद्धतीत एवढ्याच सोयीसाठी ३० प्रवाह खर्ची पडतात.

तथापि मूळ मांडणीत एक दोष राहून गेला होता. दुसऱ्या खंडाचा फेरा ८ मिनिटांचा. प्रेक्षक या फेऱ्याच्या मध्यावर दाखल झाला, तर त्यास त्या खंडाचा उत्तरार्ध आधी मिळतो. पूर्वार्ध येऊ लागतो तो नेमका दुसरा खंड पाहावयाची वेळ झाल्यावर, आणि तोही अर्ध्या वेगाने. चित्र अडणारच. पारिस, कार्टर व लाँग यांनी १९९८ मध्ये हे दाखवून दिले. प्रेक्षकाने आणखी एक खंडभर थांबावे, हा एक इलाज. पण मग ४ मिनिटांची हमी ८ मिनिटांवर जाते. याच लेखकांनी थोडी अधिक बँडविड्थ खर्चून निर्दोष पर्यायही दिले.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. बचत होते ती सर्व्हरच्या बाजूस. प्रेक्षकाच्या यंत्रास मात्र आरंभी तिसांही वाहिन्या एकाच वेळी झेलाव्या लागतात, म्हणजे त्याच्या घरच्या तारेवर चौपट भार. हुआ व श्यू यांच्या १९९७ च्या 'स्कायस्क्रेपर' योजनेत ग्राहकाने एका वेळी दोनच वाहिन्या घ्याव्यात अशी मर्यादा आहे. व्यवहाराची जाण तेथे अधिक दिसते, मग गणित कमी देखणे का असेना.

शिवाय या साऱ्या योजना मल्टिकास्ट गृहीत धरतात. निरनिराळ्या सेवादात्यांची जाळी ओलांडणारे मल्टिकास्ट सामान्य इंटरनेटवर कधी सार्वत्रिक झालेच नाही. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये 'ओपन कनेक्ट' जाहीर करून सेवादात्यांच्या जाळ्यांतच आपले सर्व्हर ठेवावयास घेतले, आणि २०१५ च्या डिसेंबरात प्रत्येक चित्रपटाच्या स्वरूपानुसार त्याचे संकोचन ठरविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रवाह प्रत्येकास स्वतंत्रच राहिला; आखूड झाला तो त्याचा मार्ग, आणि घटला तो त्याचा आकार. संपूर्ण तार एकाच चालकाच्या हाती असलेल्या केबलच्या जाळ्यात मात्र जुन आणि त्सेंग यांचा हिशेब, वरील दुरुस्तीसह, आजही लागू पडतो.